चार पुतळ्यांतील एक : कुर्बान हुसेन आणि कामगारपुढाऱ्याचे चरित्र

सौंसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांतून ‘सौंसर’ हे नाव तेथील खडकांमुळे दूरदूर गेले आहे. ते खडक फोडणाऱ्या माणसांची नावे त्या ग्रंथांत शोधू नयेत. तो त्या शास्त्राचा विषय नव्हे. चरित्रकाराकडे मात्र ती मागणी करण्याचा वाचकास हक्क आहे. पांढुर्ण्यास एका स्नेह्यांकडे चार-सहा जण जमलो असता लष्करी अमलाखालील कामगारपुढारी असा विषय निघाला, आणि प्रत्येकाच्या तोंडी पहिले नाव आले ते पोलंडच्या लेख वालेसाचे. सोलापूर आठवावयास बराच वेळ लागला. कपातला चहा निवून गेला होता. कुर्बान हुसेन हे नाव तर एकाच गृहस्थास ठाऊक होते, आणि त्यांनाही ते ‘चार हुतात्म्यांपैकी एक’ एवढेच ठाऊक होते. आमच्या हुतात्मा-वाङ्मयाची जी समीक्षा मला येथे करावयाची आहे, तिचे बीज या ‘एवढेच’ शब्दात आहे.

घडलेली हकीकत थोडक्यात अशी. मे १९३० च्या आरंभी गांधीजींना अटक झाली. ती वार्ता येताच, ७ मेपासून, सोलापूरच्या गिरणीकामगारांनी काम बंद केले. ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला, दंगल उसळली, पोलिसांतीलही काही मारले गेले; आणि पुढील काही दिवस सरकारचा अंमल त्या शहरात नावापुरताही उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो ३० जूनपर्यंत चालला. तिरंगी झेंडा लावणे तर सोडाच, गांधीटोपी घालणे हाही त्या दिवसांत अपराध ठरला. पुढे पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या वेळी कुर्बान हुसेनांनी पंचविशीही गाठलेली नव्हती. लष्करी कायदा उठून तेव्हा सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लष्कर शहरातून निघून गेले, तरी त्याने टाकलेली सावली येरवड्यापर्यंत पोहोचली.

या चौघांवर आजवर जे लिहिले गेले, त्यातले मला वाचावयास मिळाले ते बहुतेक एकाच साच्याचे आहे. आरंभी बालपणाची दोन वाक्ये, मग देशप्रेम, मग थेट फाशीचा दोर. मधले आयुष्य कोठे गेले? धनशेट्टी, सारडा, शिंदे यांच्यावरही हा अन्याय झालाच आहे. पण कुर्बान हुसेनांच्या बाबतीत तो अधिक बोचतो. ते गिरणीकामगारांत काम करीत होते, कामगारांची संघटना बांधीत होते, ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत होते. गझनफर म्हणजे सिंह. विशी नुकती ओलांडलेल्या तरुणाने आपल्या पत्रास हे नाव द्यावे, यात त्या वयाची ऐट आहे, आणि ती मला फार लोभस वाटते. ही ऐट पुतळ्यात उतरत नाही. पुतळा गंभीरच असावा लागतो.

संघटनेचे काम हे मुळातच पुतळ्याला न मानवणारे काम आहे. पाळी सुटल्यावर दारापाशी उभे राहून चार माणसांना थांबविणे, वर्गणीचा आणा मागणे, जॉबरच्या धाकाने मागे सरलेल्या माणसाची पुन्हा समजूत घालणे, तेलुगू पद्मशाली, कन्नड लिंगायत, मराठी आणि मुसलमान अशा नाना बोलींच्या माणसांना एका मागणीवर आणणे : अशा कामाला विजयाचा एक दिवस नसतो. चरित्रकाराला मात्र एखादा ठळक दिवस हवा असतो. तो त्याला फाशीत सापडतो आणि बाकीचे दिवस तो सोडून देतो. परिणामी, ७ मे रोजी गिरण्या बंद कोणामुळे पडल्या, हा इतिहासाचा खरा प्रश्न विचारलाच जात नाही. जणू भोंगा आपणहूनच थांबला होता! भार्गवराम वरेरकरांनी ‘धावता धोटा’मध्ये गिरणगाव कादंबरीत आणला, तेव्हा हे जग मराठी लेखणीस अगदीच परके होते असेही म्हणता येत नाही.

सोलापूरचाच दुसरा एक मुलगा पाहा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली तेथे जन्मले, म्हणजे कुर्बान हुसेनांच्याच पिढीचे. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लगोलग त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली शांतारामबापूंनी त्यावरून चित्रपट काढला. डॉक्टरांची थोरवी कोणी कमी लेखू नये. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, कोटणिसांना मृत्यूनंतर चार वर्षांत कथाकार आणि दिग्दर्शक दोन्ही लाभले. कुर्बान हुसेनांना चौक लाभला.

आता वालेसाकडे वळू. पोलंडमध्ये १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी अंमल आला आणि त्याला सुमारे अकरा महिने स्थानबद्ध ठेवण्यात आले. आन्द्जे वायदा या दिग्दर्शकाने २०१३ साली त्याच्यावर चित्रपट काढला. तो कुशल आहे, पण पुतळ्याचा मोह त्यालाही सर्वस्वी आवरलेला नाही. त्याच्याआधी, २०११ साली, वालेसाची पत्नी दानुता हिने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. नवरा अटकेत असताना जानेवारी १९८२ मध्ये तिला मुलगी झाली. पुढे नोबेल पारितोषिक स्वीकारावयास तो देश सोडून जाऊ धजेना, तेव्हा १९८३ साली ऑस्लोला तीच गेली. लष्करी अंमल म्हणजे केवळ रस्त्यावरचा रणगाडा नव्हे. घरात अहोरात्र परक्यांची वर्दळ, बाहेर पाळत आणि आत रडणारे मूल, हेही त्याचेच रूप आहे. माझ्या मते चरित्रवाङ्मयाच्या कसोटीस त्या पुढाऱ्याच्या चित्रपटापेक्षा त्या गृहिणीची बाजू अधिक उतरते. गोमंतकीय वाचकास हे विस्ताराने सांगावयास नको. सालाझारच्या राजवटीत स्वतंत्र कामगार संघटनेस जागाच नव्हती. ज्या घरातला माणूस नेला जाई, त्या घरचे दिवस कसे जात, हे १९६१ पूर्वीच्या आठवणी असलेल्या कुटुंबांत आजही ऐकावयास मिळते.

सोलापूरच्या त्या एकोणपन्नास दिवसांत गिरणीकामगारांच्या चाळींत काय शिजत होते, उधारी कोण देत होते, टोपी लपवून कामावर जाणाऱ्याची बायको त्याला काय म्हणत होती? चार जणांच्या चार आया होत्या. सभेत त्यांना वीरमाता म्हटले की वक्त्याचे काम संपते. लेखकाचे तेथे सुरू होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही : पुरावा कोठे आहे? बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणामागे कागद तो किती उरणार! तरीही खटल्यात साक्षी झाल्या, सरकारी दप्तरे राहिली. ती दप्तरे फिर्यादी पक्षाची, हे खरे. पण पोलिसाची नजरही कोण कोणाशी, कोठे आणि कधी बोलले हे टिपून ठेवते, आणि संघटकाच्या आयुष्याचा तोच तर कच्चा माल. शिवाय त्याचे स्वतःचे पत्र होते. सोलापुरात कोणाच्या माळ्यावर, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात ‘गझनफर’चा एखादा अंक निघाला, तर नव्या चरित्रकाराने फाशीची तारीख तूर्त बाजूस ठेवावी आणि त्या अंकातल्या गिरणीच्या बातम्यांपासून आरंभ करावा.