नाताळची गोष्ट मोठ्यांनी कशी वाचावी?

नाताळची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि बहुतेकांची ती तिथेच थांबते. पुढे कॉलेजात कुणीतरी विचारतं, "हे खरंच घडलं का हो?" मग माणूस एकतर चिडतो, नाहीतर सगळंच सोडून देतो. यापेक्षा वेगळी, प्रौढ श्रद्धेची वाट आहे का, ते आज बघायचंय. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी ऐका, कारण बीड जिल्ह्यात बसून ही गोष्ट वाचली की ती जरा वेगळी ऐकू येते.

आधी ग्रंथात काय आहे ते पाहू. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत जन्मकथाच नाही. मत्तय आणि लूक सांगतात, पण दोघांची गोष्ट वेगळी. मत्तयाकडे तारा, मागी आणि हेरोद राजा आहे. मेंढपाळ नाहीत, गव्हाण नाही. लूककडे मेंढपाळ आणि गव्हाण आहे, मागी नाहीत. 'तीन राजे' तर कुठेच नाहीत. भेटी तीन आहेत, पण मागी किती होते ते मत्तय सांगत नाही, आणि त्यांना राजेही म्हणत नाही. आपल्या नाटिकेत हे सगळे एकाच स्टेजवर येतात. त्यात दार लावून घेणारा सराईवालाही असतो. तोही ग्रंथात नाही.

सराईवाला आला कुठून? रूढ मराठी भाषांतरात 'उतारशाळा' शब्द आहे. लूकचा मूळ ग्रीक शब्द 'काटालुमा'. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगात लूक हाच शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठी वापरतो. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात त्याला खरीखुरी सराई म्हणायचीय, तिथे तो दुसराच शब्द घेतो, 'पांदोखेइओन'. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, की पाहुण्यांची खोली भरलेली होती आणि बाळ घरातच, जनावरांच्या बाजूला, गव्हाणीत ठेवलं. आपल्याकडच्या जुन्या घरांतही रात्री जनावरं आत बांधायचे, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको.

आता इतिहासाची अडचण. हेरोद वारला इ.स.पूर्व ४ मध्ये. लूक ज्या क्विरिनियाच्या नावनिशीचा उल्लेख करतो, ती इतिहासात सापडते इ.स. ६ मध्ये. मध्ये जवळजवळ दहा वर्षं. ही गाठ सोडवायला लोकांनी खूप खटपट केलीय, पण बहुतेक अभ्यासकांचं समाधान झालेलं नाही. मग गोष्ट खोटी म्हणायची का?

इथे आपली कीर्तनाची परंपरा कामाला येते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत मांडतात, उत्तररंगात आख्यान. आख्यान चालू असताना श्रोता तारखा विचारत नाही. पूर्वरंगातला अर्थ इथे कसा उतरला, ते पाहतो. शेजारच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तन रुजवलं, त्यामुळे ही वाट मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाही. मत्तय आणि लूक यांचा सिद्धांत क्रुसाचा आणि पुनरुत्थानाचा आहे. जन्मकथा हे त्याचं आख्यान. रेमंड ब्राउन या कॅथलिक अभ्यासकाने १९७७ मध्ये जन्मकथांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचंही म्हणणं हेच, की या कथांत सगळं शुभवर्तमान थोडक्यात आलेलं आहे.

मग आख्यान सांगतं काय? लूकची गोष्ट सुरू होते कैसर औगुस्ताच्या हुकमाने. त्या काळी 'तारणारा' ही औगुस्ताची पदवी होती, आणि शांतीही त्यानेच आणली असं म्हणत. आशिया प्रांतातल्या इ.स.पूर्व ९ च्या शिलालेखात त्याच्या वाढदिवसाला शुभवार्ता म्हटलंय. लूक हे शब्द उचलतो आणि मेंढपाळांच्या कानावर घालतो: तारणारा राजवाड्यात नाही, गव्हाणीत आहे. मत्तयाची गोष्ट तर बाळांच्या कत्तलीपर्यंत जाते आणि हे कुटुंब रातोरात मिसरात पळतं. ही लहान मुलांची गोष्ट नाहीच मुळी.

आता बीड. दिवाळी आसपास आली की आपल्या जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो आणि कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातो. नाताळ येतो तो ऐन गळीत हंगामात. पोटुशी बाईसुद्धा फडात असते, कारण खाडा झाला की पैसे कापतात. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी इथल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, "बघा, मरियाही अशीच कोपीत बाळंत झाली, गरिबी देवाला प्रिय आहे." माझा विरोध आहे तो याच वाचनाला. लूक गरिबीची आरती ओवाळत नाही. दिवस भरत आलेली बाई वाटेला का लागली, तर वरून हुकूम सुटला म्हणून, हे तो पहिल्याच ओळीत सांगतो, हुकूम देणाऱ्याच्या नावासकट. आणि त्याच्या आदल्याच अध्यायात मरियेच्या तोंडी जे स्तोत्र आहे, त्यात सत्ताधारी आसनावरून खाली येतात, भुकेले तृप्त होतात, धनवान रिकाम्या हाती जातात. नाटिकेत मरिया मान खाली घालून गप्प बसते. ग्रंथातली मरिया बोलते.

म्हणून प्रौढ श्रद्धा म्हणजे कमी विश्वास नव्हे. तारा कुठला होता, यावर भांडत बसण्यापेक्षा ही वाट कुणी चालायला लावली, हे विचारायचं. गोठा सजवा, मुलांना नाटिका करू द्या, त्यात गैर काही नाही. पण यंदा तिच्यात मरियेचं स्तोत्र पूर्ण म्हणू द्या. आणि आपल्या गावातल्या किती बाया त्या रात्री कारखान्याच्या तळावर आहेत, त्यांतल्या कुणाचे दिवस भरलेत, हे उपासनेला बसण्याआधी आपल्याला माहीत असू द्या.

प्रश्न असतील तर आता घेऊ.