‘दीवाना’ या शब्दाचे अनेकवचन

नववीच्या वर्गात आम्ही वाहिद-जमा, म्हणजे एकवचन-अनेकवचन, शिकवीत होतो. ‘दीवाना’ची जमा काय, असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘दीवाने.’ वाक्यात उपयोग कर म्हटले, तर तीच मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘डिस्को दीवाने.’ वर्ग हसला. हे वाक्य नव्हे, असे सांगून आम्ही फळ्याकडे वळलो. पण घरी येईपर्यंत त्या दोन शब्दांनी आमची पाठ सोडली नाही. त्या मुलीला ते गाणे २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटातले म्हणून माहीत होते. त्यात मध्येच ऐकू येणारा तो पातळ, वेगळा आवाज कोणाचा, हे तिने कधी कोणाला विचारले नव्हते. आमच्या खालाने मात्र मूळ ‘डिस्को दीवाने’ची कॅसेट लग्नानंतरही लोखंडी पेटीत, कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवली होती. आमचे नाना मशिदीत गेले की ती टेपवर लागायची, आणि तीही अगदी हळू आवाजात.

नाझिया हसन या गायिकेवर मराठीत-उर्दूत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक मर्सियाच्या सुरात. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा तिचे वय अवघे ३५ होते. हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण या हळहळीत तिचे गाणे ऐकायचे राहून जाते, अशी आमची तक्रार आहे.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीतला. बालपण कराची आणि लंडन असे दोन गावांत वाटले गेलेले. धाकटा भाऊ झोहेब याच्याबरोबर ती पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा यांच्या मुलांच्या कार्यक्रमात गायची. ‘कुर्बानी’ या चित्रपटाची जुळवाजुळव करणाऱ्या फिरोज खान यांनी तिला लंडनमध्ये ऐकले आणि बिद्दू या संगीतकाराकडे पाठवले. हा बिद्दू मूळचा बंगलोरचा. साठच्या दशकात तो नशीब काढायला इंग्लंडला गेला. १९७४ साली त्याने कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतले. तबकडीची मागची बाजू भरण्यासाठी केलेले ते गाणे इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. फिरोज खान हेही बंगलोरचेच. ‘आप जैसा कोई’चे शब्द इंदीवर यांचे, त्यांचे मूळ नाव श्यामलाल बाबू राय आणि मुलूख झाशीचा. कराचीची मुलगी, बंगलोरची दोन माणसे, झाशीचा गीतकार, आणि गाणे तयार झाले लंडनमध्ये! १९८० साली ते आपल्याकडे वाजू लागले तेव्हा ‘पाश्चात्त्य आक्रमण’ म्हणून नाके मुरडली गेली. आक्रमण करणारे हे सैन्य नेमके कोठले, याची चौकशी करण्याच्या फंदात मात्र कोणी पडले नाही.

गंमत अशी की, त्याच सुमारास अमेरिकेत डिस्कोचे दफन चालले होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. तिकडे जनाजा निघाला आणि इकडे वरात.

डिस्कोच्या तालाविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या केहरव्यात आठ मात्रा असतात. त्यातल्या पहिलीवर सम, पाचवीवर खाली. तबल्याचा डग्गा मध्येच मिटतो आणि पुन्हा उघडतो. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. डिस्कोत खाली नाहीच. चार ठोके आणि चारही सारख्या वजनाचे; म्हणजे प्रत्येक मात्रा जणू समच. म्हणूनच ज्याला नाचता येत नाही त्यालाही डिस्कोवर नाचता येते, आणि ज्याला गाणे कळते त्याला तो ठोका कंटाळवाणा वाटतो. दोघांचेही बरोबर आहे. शिवाय त्या काळी मुंबईत वाद्यवृंद आणि गायक मिळून गाणे एका दमात ध्वनिमुद्रित करण्याची रीत होती. लंडनच्या पद्धतीत आधी ताल, मग इतर वाद्ये आणि शेवटी आवाज, असे थर चढत. या थरांमुळे पातळ आवाजालाही अंग येते, आणि बिद्दूने नेमका याचाच फायदा उठवला.

कारण आवाज पातळच होता. आम्ही उगाच कौतुक करणार नाही. नाझियाचा पल्ला लहान, वरच्या सुरात ती सावध होते, हरकती-मुरक्यांच्या वाटेला जात नाही. तालमीत मुरलेल्या गळ्यांशेजारी ठेवली तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली हुशार मुलगी वाटते. पण हिंदी चित्रपटातले क्लबमधले गाणे तोवर कसे गायले जाई, ते आठवून पाहावे. उसासे, लाडिक हेल, शब्द ओढून धरणे; ओढ व्यक्त करायची म्हणजे आवाजाने आधी नखरा केलाच पाहिजे, असा जणू दंडक होता. नाझियाने त्यातले काहीच केले नाही. पडद्यावर झीनत अमान आहे, दिवे आहेत, आणि आवाज मात्र सरळ, थंड, थोडासा लाजरा. मनाजोगता माणूस भेटावा ही इच्छा ती एखादी माहिती दिल्यासारखी सांगते. आणि सांगते कोणत्या सर्वनामाने? ‘आप’! डिस्कोच्या फरशीवर ‘आप’. आम्ही आयुष्यभर उर्दू शिकवतो, तहजीब म्हणजे काय ते मुलांना समजावताना आमच्या नाकी नऊ येतात. पण ‘तू’ आणि ‘आप’ यांच्यामधले अंतर या गाण्याइतके सोपे करून आम्हाला कधी दाखवता आलेले नाही. मागणी आहे, पण लोचटपणा नाही. इंदीवर यांनी तो शब्द ठेवला हे खरे. दुसऱ्या कोणी लाडात येऊन गायले असते तर त्याच ‘आप’चे वाटोळे झाले असते. या गाण्यासाठी १९८१ साली तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

त्याच वर्षी आलेला ‘डिस्को दीवाने’ हा संच चित्रपटाच्या आधाराशिवाय उभा होता. आपल्याकडे तोवर बिगरचित्रपट संगीत म्हणजे गझल, भजन, कव्वाली. एच.एम.व्ही.च्या दुकानात पोस्टरवर नट-नटी नाही, फक्त गाणारी मुलगी, हे नवेच होते. संचातल्या काही चाली झोहेबच्या, शीर्षकगीत बिद्दूचे.

या शीर्षकातल्या दोन शब्दांवर व्याकरणाच्या मास्तराने लाल शाई फिरवावी. ‘डिस्को के दीवाने’ हवे. मधला ‘के’ गिळला आहे. पण आमचे लक्ष दुसरीकडे जाते. उर्दू शायरीतला दीवाना हा एकटा माणूस. तो मजनू आहे, सहरात भटकतो, गरेबान फाडतो, गल्लीतली पोरे त्याला दगड मारतात. त्याचे दीवानेपण हीच त्याची जमातीबाहेर पडण्याची खूण. गझलेत ‘दीवाने’ हे अनेकवचन येत नाही असे नाही, पण तेथेही प्रत्येक जण आपापल्या वाळवंटात असतो. या गाण्याने त्या सगळ्यांना एका छताखाली आणून एकाच ठोक्यावर उभे केले. दगड मारणारी पोरेच नाचात सामील झाली! यात शब्दाची खोली कमी झाली, हे आम्ही मान्य करतो. मीरच्या वाचकाला ते रुचणार नाही. पण एकट्याने वेडे होण्याची मुभा आमच्या परंपरेत पुरुषालाच होती. मजनूला सहरा मिळाला, लैलाला तंबू. सगळ्यांच्या घोळक्यात का होईना, स्त्रीच्या तोंडी दीवानेपण आले, आणि तेही मान खाली न घालता.

हे ज्यांना खुपायचे त्यांना खुपलेच. पाकिस्तानात १९७७ ते १९८८ झिया-उल-हक यांची राजवट होती. दूरदर्शनवर नाच निषिद्ध; नाझिया-झोहेबचे चित्रण कमरेच्या वरचेच दाखवले जाई, असे सांगतात. पाय नसलेला डिस्को! आमच्याकडे तशी राजाज्ञा नव्हती, पण नानांची मशिदीची वेळ होती. मुलीचा चेहरा झाकला तरी आवाजाचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरांना नेहमीच छळत आला आहे. खाला गुणगुणायची ती ओठ मिटून. तिला ते गाणे पाठ होते. मोठ्याने गाताना आम्ही तिला कधी ऐकले नाही.

पुढे नाझियाने लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले, १९९२ च्या ‘कॅमेरा कॅमेरा’नंतर गाणे थांबवले. मधल्या संचांत चांगली गाणी आहेत, पण पहिल्या दोन गाण्यांतला कोवळा कोरडेपणा पुन्हा सापडत नाही. ती सराईत झाली, आणि सराईतपणात तिच्याहून पुढे असणाऱ्या पुष्कळ जणी होत्या.

२०१२ च्या गाण्यात विशाल-शेखर यांनी तिचा मूळ आवाज वापरला, तिचे नावही दिले. एवढा प्रामाणिकपणा नोंदवायलाच हवा. पण तिथे तो आवाज भिंतीवर लावलेल्या जुन्या फोटोसारखा आहे. त्याच्याभोवती इतकी गडबड की, तिचा थंडपणा ऐकूच येत नाही. सुनिधी चौहान जोरकस गाते, आणि जोर हीच नेमकी नाझियाकडे नसलेली, नको असलेली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलीला १९८१ चे गाणे मोबाईलवर ऐकवले. तिला ते संथ वाटले. गाणारीचे तेव्हाचे वय सांगितले, तेव्हा तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाली, ‘फिर से लगाइए.’