गाव सुटलं म्हणजे गरिबी सुटली?

तुमच्या शहरातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मध्यंतराच्या आधी एक पाच मिनिटांची फिल्म दाखवतात, ती तुम्ही पाहिली असेल. संस्थेचं नाव दर वर्षी बदलतं, फिल्म साधारण तीच असते. पत्र्याचं घर, चुलीपुढे आई, मिणमिणत्या उजेडात अभ्यास करणारी मुलगी, मग संस्थेचा वर्ग, आणि शेवटी तीच मुलगी पुण्यातल्या काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्र. टाळ्या वाजतात आणि लोक बटाटेवड्यांकडे वळतात.

माझी तक्रार त्या मुलीबद्दल अजिबात नाही. तिने केलं ते अवघडच होतं. तक्रार आहे ती फिल्म काय मोजते याबद्दल. तिच्या लेखी गरिबी म्हणजे एक ठिकाण, आणि शिक्षण म्हणजे तिथून सुटणारी एसटी. वर्गातली बाकीची मुलं कुठे गेली, हे ती सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर आपण विचारतही नाही, कारण ही गोष्ट थोडीफार आपलीच असते. आपणही कुठून तरी निघालो आणि पोचलो. आपल्याच वाटेचा नकाशा दुसऱ्याच्या हातात द्यायला बरं वाटतं.

आता एक जुनं उदाहरण बघूया. कर्मवीर भाऊराव पाटलांचा धडा तुम्ही किंवा तुमच्या आईबाबांनी शाळेत वाचला असणार. तो बहुतेक वेळा चारित्र्याची गोष्ट म्हणून शिकवला जातो: लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मुलांनी कष्ट केले, वगैरे. पण भाऊराव ओगले, किर्लोस्कर, कूपर अशा कारखान्यांसाठी गावोगाव फिरून माल खपवणारे गृहस्थ होते. शेतकऱ्याच्या घरात पैसा कधी येतो आणि कधी नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. आधी वसतिगृह, हायस्कूल त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हा क्रम लक्षात घ्या. गरीब घरच्या मुलाला शाळेपासून दूर ठेवणारी मुख्य गोष्ट फी नसते. परगावी राहायचं कुठे, खायचं काय, आणि शेतावरचे दोन हात कमी झाले तर घराचं कसं चालायचं, हे प्रश्न फीच्या आधी येतात. ‘कमवा आणि शिका’ हे त्यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना दिलेलं रोकडं उत्तर होतं. मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, बांधकामावर दगडमाती वाहायची, आणि सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीत जेवायची. १९२७ साली गांधीजी आले, तेव्हा त्यांना हे चित्र दिसलं.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. १९३५ साली रयतने साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. मग १९३८ पासून, जिथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या, आणि तिथे शिकवायला तयार केलेले गुरुजी पाठवले. म्हणजे बघा, वसतिगृहात वाढलेल्या मुलाला शिक्षण तर मिळालंच, शिवाय त्या शिक्षणाला खेड्यातच गिऱ्हाईक मिळालं. शिडी वर जात होती, तशी परत खालीही येत होती. नुसतं शिकवून हे झालं नसतं. शिकलेल्याला काम देणारी रचना संस्थेने स्वतः उभी केली होती.

याचा अर्थ तेच आज पुन्हा करा, असा नाही. त्या काळी प्राथमिक शाळा वाढत होत्या, शिक्षक हवे होते. आज डीएड होऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली मुलं तुमच्याही नात्यात असतील. ‘कमवा आणि शिका’ अजून चालू आहे, पुणे विद्यापीठातही ही योजना आहे. पण आता तिचं रूप म्हणजे तासाच्या हिशेबाने बाग, ग्रंथालय नाहीतर कार्यालयातलं काम. त्यातून मेसचं बिल निघायला हातभार लागतो, हे मी कमी लेखणार नाही. मात्र एक गोष्ट बदलली आहे. भाऊरावांच्या वसतिगृहात सगळेच राबायचे. आता पदवीच्या वर्गातली गरीब पोरं कुंड्यांना पाणी घालतात आणि बाकीचे बाजूने जातात. श्रमाचं मोल शिकवणारी योजना अशा वेळी कोण गरीब आहे हे ओळखायची खूण होऊन बसते.

‘समाजाचा सहभाग’ हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत झालेला एक प्रयोग संशोधकांच्या चांगला परिचयाचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांना सभा घेऊन शिक्षण समितीची आणि मुलांच्या वाचनाची माहिती दिली, तर सरकारी शाळेत काहीच हललं नाही. गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले, तिथे मात्र वर्गाला आलेल्या मुलांचं वाचन चांगलं सुधारलं. हा निकाल एक यशोगाथा म्हणून सांगितला जातो, आणि मुलांपुरता तो आहेच. पण शिकवणारे कोण होते? त्याच गावातले तरुण, आणि तेही बिनपगारी. जी तरुण पिढी गरिबीतून वर यावी म्हणून आपण कार्यक्रम आखतो, तिचंच फुकटचं श्रमदान त्या कार्यक्रमांना चालवतं! अहवालात त्यांची नोंद ‘कमी खर्चाचा उपाय’ अशी होते. मला हे खटकतं. आपल्यापैकी कुणी इथल्या विद्यापीठात टीचिंग असिस्टंटचं काम फुकट करेल का?

आणि शिकलेलं किती टिकतं? ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८७ टक्के कुठे ना कुठे शिकत होती. तरीही साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. व्यावसायिक प्रशिक्षण घेणारी सहा टक्केसुद्धा नव्हती, आणि त्यातही बहुतेकांचे कोर्स सहा महिन्यांच्या आतले.

पुणे जिल्ह्यातलं पाबळ हे वेगळं उदाहरण आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परत गेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलं, आणि १९८३ साली या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलांसाठी वर्षभराचा निवासी कोर्स: वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया. गावाला लागणारी खरी कामं करता करता शिकायचं. २००२ च्या सुमारास एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅबही आली. यावरही प्रश्न आहेतच. एका गावाला वेल्डर लागतात किती? स्वतःचं वर्कशॉप टाकायला भांडवल कुठून आणायचं? पण निदान हे प्रश्न त्या मुलाच्या पुढच्या वीस वर्षांबद्दलचे आहेत. फिल्ममधली मुलगी ओळखपत्र घालते तिथेच गोष्ट संपते.

तुम्ही पैसे द्यायचे थांबा, असं मी म्हणत नाही. द्या, पण देताना जरा चौकशी करा. तीन वर्षांपूर्वीच्या पूर्ण बॅचची यादी मागा, अर्ध्यात सोडून गेलेल्यांसकट. गावातल्या शिकवणाऱ्या ताईला महिन्याला किती मिळतात, ते विचारा. दहावीनंतर तालुक्याला शिकायला येणाऱ्या मुलींच्या राहण्याजेवणाचं काय, तेही विचारा, कारण कित्येक मुलींचं शिक्षण शेवटच्या एसटीच्या वेळेवर अडतं. यातलं काहीच पाच मिनिटांत दाखवण्यासारखं नाही. खाटा, गाद्या, स्वयंपाकीणबाईंचा पगार, गॅसचं बिल. देणगीच्या फॉर्मवर असा रकाना बहुधा नसतो. तो घालायला सांगा.