रिकामी यादी म्हणजे 'सर्व' नव्हे

संगणकाला आज्ञा टाइप करून काम सांगण्याची युनिक्सची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. लिनक्समध्ये ती आजही चालते. आधी आज्ञेचे नाव लिहायचे, पुढे फाइलींची नावे. पण पुढे एकही नाव नसेल तर?

या साध्या प्रश्नाला प्रत्येक आज्ञा निराळे उत्तर देते. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' चालू डिरेक्टरीतील सर्व फाइली दाखवते. मजकूर दाखवणारी 'कॅट' कीबोर्डवरून काही येईल म्हणून वाट पाहत बसते. फाइली पुसणारी 'आरएम' तक्रार करून थांबते. समोर माणूस बसलेला असेल तर हे सारे सोयीचेच आहे.

अडचण येते ती नावांची यादी दुसरा प्रोग्रॅम तयार करतो तेव्हा. 'बॅश'मध्ये 'नलग्लॉब' ही सोय चालू असताना 'टीएक्सटी'ने संपणारी नावे एलएसला द्यायला सांगितली आणि तशी एकही फाइल नसली, तर एलएसपुढे काहीच उरत नाही. मग ती सगळ्याच फाइली दाखवते! उत्तर 'शून्य' हवे होते, मिळाले 'सर्व'.

गैरहजर मुलांच्या घरी निरोप द्यायला शिपायाला यादी दिली आणि कागद कोरा निघाला, तर तो गावभर फिरत नाही. 'यादीच दिली नाही' आणि 'यादीत कोणी नाही' यांतला फरक त्याला कळतो. एलएसला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. दोष यंत्राचा नाही, संकेत ठरवणाऱ्यांचा आहे.

याची किंमत मोठी असू शकते. प्रोग्रॅमला मिळणाऱ्या यादीत पहिले नाव बहुधा त्याचे स्वतःचे असते. लिनक्समधील 'पीकेएक्झेक' हा प्रोग्रॅम ते असणारच असे धरून चालला होता. यादी पूर्ण रिकामी दिली की तो यादीबाहेरची स्मृती वाचू लागे, आणि त्याचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्ता संगणकाचे सर्वाधिकार मिळवू शके. २००९ पासूनची ही चूक जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली.

गणितात रिक्त संचाची बेरीज आपण ० धरतो, म्हणून नियमाला अपवाद करावा लागत नाही. आज्ञांनीही तेच करावे: शून्य नावे, शून्य काम. 'सर्व' हवे असेल तर ते स्पष्ट सांगायला लावावे. विद्यार्थ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम तपासताना आपणही पहिली चाचणी रिकाम्या यादीचीच घ्यावी.