रुपयात किलोमीटर : एका हिशोबाची तपासणी

लातूर ते चाकूर हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. या रस्त्यावर रोज अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या गप्पांत गेली काही वर्षे विजेवर चालणारी गाडी हा विषय हमखास निघतो. या गप्पांत दोन विधाने आलटून पालटून ऐकू येतात. पहिले जाहिरातीतून आलेले : 'रुपयात किलोमीटर'. दुसरे वीजबिल हातात पडल्यावरचे : 'विजेचे दर असे वाढत राहिले तर या गाडीत काय राम राहिला?' एक विधान गाडी विकणाऱ्याचे, दुसरे तिच्यावर शंका घेणाऱ्याचे. पण दोघांच्या हिशोबात चूक एकच आहे. दोघेही विजेला एकच दर असतो असे समजून चालतात.

यात आपलाही थोडा दोष आहे. विजेच्या धड्यानंतर आपण मुलांना जी उदाहरणे घालतो त्यांत 'विजेचा दर प्रति युनिट अमुक रुपये असल्यास बिल काढा' असेच बहुधा म्हटलेले असते. वॅट गुणिले तास भागिले हजार गुणिले दर, की उत्तर तयार. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घराचे खरे बिल असे तयार होत नाही. म्हणून आधी युनिटाकडे आणि मग बिलाकडे पाहू.

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. एक लीटर पेट्रोल पूर्ण जळाले तर ढोबळमानाने नऊ युनिटांइतकी ऊर्जा मिळते. पेट्रोलची छोटी गाडी लीटरला १८ किलोमीटर जाते असे धरले, तर एका किलोमीटरला अर्धे युनिट ऊर्जा लागली. यातली बहुतेक उष्णतेच्या रूपाने रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. विद्युत मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग चाकांपर्यंत पोचवते, त्यामुळे तेवढ्याच गाडीला किलोमीटरमागे सातव्या हिश्श्याइतके युनिट पुरते. बचतीचे मूळ येथे, भौतिकशास्त्रात आहे. (परळीसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वाया जातोच, पण तो तोटा विजेच्या दरात आधीच धरलेला असतो. पर्यावरणाचा हिशोब वेगळा, खिशाचा वेगळा.)

आता जाहिरातीचा आकडा. टाटांची टियागो ही गाडी २०२२ मध्ये विजेवर आली तेव्हा २४ युनिटांच्या बॅटरीवर ३१५ किलोमीटर अशी तिची प्रमाणित चाचणीतली मजल जाहीर झाली होती. म्हणजे युनिटाला १३ किलोमीटर. ही चाचणी ठरावीक वेगाच्या चक्रावर, प्रयोगशाळेत होते. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने, मे महिन्यात, एसी लावून जाताना तसे घडत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे आपण शिकवतोच. प्रत्यक्षात १८० ते २०० किलोमीटर धरणे शहाणपणाचे. शिवाय बॅटरीत २४ युनिटे भरायला मीटरवर २७-२८ युनिटे पडतात, कारण चार्जर आणि बॅटरी दोन्ही भरताना गरम होतात. आपण पैसे देतो ते मीटरवरच्या युनिटाचे. म्हणून मी पुढचा सगळा हिशोब मीटरच्या एका युनिटाला साडेसहा किलोमीटर असा धरला आहे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने महिनाभर मीटरचे आणि गाडीचे वाचन वहीत टिपले तर त्याला स्वतःचा आकडा मिळेल, आणि तो माझ्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासाचा असेल.

बिलाकडे वळू. महावितरणच्या घरगुती बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क अशा ओळी असतात. वीज आकार टप्प्याटप्प्याने चढतो : पहिली १०० युनिटे, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवलेल्या २०२४-२५ च्या दरांत पहिल्या टप्प्याला ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे आणि तिसऱ्याला १४ रुपये ५५ पैसे वीज आकार होता. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. २०२५ मध्ये मार्चमधला आदेश, त्याला स्थगिती, मग जूनमधला फेरविचाराचा आदेश असा बराच घोळ झाला आणि आकडे बदलले. टप्प्यांची कल्पना मात्र तीच राहिली. मी २०२४-२५ चे आकडे उदाहरणादाखल घेतो. वाचकाने आपल्या ताज्या बिलावरचे घालावेत.

वहन आकार आणि शुल्क मिळवले, आणि दरमहा बदलणारा इंधन समायोजन आकार तूर्त बाजूला ठेवला, तर पहिल्या टप्प्यातले युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडते, दुसऱ्यातले १३ रुपये २९ पैशांना आणि तिसऱ्यातले १८ रुपये २४ पैशांना. साडेसहाने भागले की किलोमीटरचा खर्च येतो : अनुक्रमे १ रुपया ५ पैसे, २ रुपये ४ पैसे आणि २ रुपये ८१ पैसे.

'रुपयात किलोमीटर' कोठून येतो ते आता दिसते. पहिल्या टप्प्याचा दर धरला की तो येतो. गंमत म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा खरा दर आणि प्रयोगशाळेतली १३ किलोमीटरची मजल धरली तरीही तोच रुपया येतो. दोन वेगळ्या वाटांनी, प्रत्येकी एकेक चूक करून, आपण एकाच ठिकाणी पोचतो. पहिली १०० युनिटे गाडीच्या वाट्याला येतच नाहीत. ती घरातले पंखे, फ्रीज, टीव्ही आणि पाण्याची मोटर केव्हाच संपवून बसलेली असतात. गाडी नेहमी वरच्या टप्प्यातून वीज पिते.

आता शंकेखोराकडे येऊ. २०२३-२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार ९ रुपये ६४ पैसे होता, तो पुढच्या वर्षी १० रुपये २९ पैसे झाला. बातम्यांत गाजलेल्या या दरवाढीने आपल्या गाडीचा किलोमीटर किती महागला? साडेअकरा पैशांनी. आणि तीच गाडी दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात गेली, तर किलोमीटर ७६ पैशांनी महागतो. आयोगाने काहीही न करता! दरवाढीवर चर्चासत्रे होतात, टप्प्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

एक शिक्षक घेऊ. लातूरला घर, चाकूरला शाळा, महिन्याचे २२ दिवस, रोज ७० किलोमीटर. महिन्याला १,५४० किलोमीटर, म्हणजे २३७ युनिटे. घराचा वापर १२० युनिटे. गाडीची १८० युनिटे दुसऱ्या टप्प्यात बसतील आणि ५७ तिसऱ्यात जातील. खर्च सुमारे ३,४३० रुपये. जाहिरातीप्रमाणे तो १,५४० व्हायला हवा होता, म्हणजे दुपटीहून अधिक झाला. बिल पाहून माणूस दचकतो आणि दरवाढीला दोष देतो. पण हेच अंतर पेट्रोलने काटायचे तर, लीटरला १०५ रुपये धरून, ८,९८० रुपये लागले असते. बचत साडेपाच हजारांची. विजेचा दर दहा टक्क्यांनी वाढला तर तीतून ३४० रुपये कमी होतील. दर दुप्पट झाला तरी दोन हजारांच्या वर शिल्लक राहील. या गाडीची बचत शून्यावर यायला मीटरवरचे युनिट ३८ रुपयांच्या आसपास जावे लागेल. विजेची दरवाढ बचत खाते हे खरे, पण ती कुरतडते, गिळत नाही.

उन्हाळ्यात याच घरात कूलर सुरू होतो आणि घराचा वापर २५० युनिटांवर जातो. आता गाडीला दुसऱ्या टप्प्यातली ५० युनिटेच उरतात, बाकीची १८७ तिसऱ्यात जातात. गाडी तेवढीच चालली, दर तोच राहिला, पण तिचा खर्च ४,०७५ रुपयांवर गेला. येथे वर्गात एक वाद लावून द्यावा : हे वाढीव साडेसहाशे रुपये गाडीचे की कूलरचे? शेवटचे युनिट कोणाचे? मीटरला ते ठाऊक नसते. कूलर आधीपासून होता, गाडी नंतर आली, म्हणून मी ते गाडीच्या खाती टाकले. नवी गोष्ट घ्यावी की नाही हे ठरवताना ही रीत बरोबर आहे. पण दोन्ही घरात आल्यावर कूलर बंद केला तरी तेवढेच वाचते, हेही तितकेच बरोबर.

टप्प्यातून सुटायला एक वाट आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. वाहनांच्या चार्जिंगसाठी आयोगाने २०१८ मध्ये वेगळा वर्ग निर्माण केला. त्या वर्गात घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वाहनासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची मुभा दिली. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार वजा जाता हे परवडते का, ते किती किलोमीटर चालता यावर ठरेल. जून २०२५ च्या आदेशात स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलतही ठेवली गेली. आपल्या शिक्षकाला तिचा उपयोग काय? त्या वेळी गाडी चाकूरला शाळेच्या आवारात लिंबाखाली उभी असते.

दरवाढीपेक्षा बचतीचा मोठा शत्रू आहे कमी धावणे. याच शाळेतले दुसरे गुरुजी चाकूरलाच राहतात, आठवड्यातून एकदा लातूरला जातात, थोडे इकडे तिकडे, महिन्याला एकूण ४०० किलोमीटर. त्यांची बचत दरमहा दीड हजार. विजेची गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडली असे धरू. पहिल्या शिक्षकाचे जादा पैसे साडेचार वर्षांत फिटतील. दुसऱ्यांना साडेसोळा वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. कर्जाचे व्याज मी धरलेलेच नाही. या गुरुजींना विजेचे दर निम्मे करून दिले तरी हिशोब जमणार नाही. (आणि दोघांनाही सर्वांत स्वस्त पडेल ती एस.टी. मार्च २०२३ पासून महिलांना तर निम्मेच तिकीट आहे. गाड्यांच्या तुलनेच्या तक्त्यांत एस.टी.चा रकाना मला कधी दिसला नाही.)

बाहेरच्या चार्जिंगचे गणित मात्र नाजूक आहे, आणि येथे शंकेखोराचे म्हणणे मी बरेचसे मान्य करतो. महामार्गावरच्या जलद चार्जरचा दर युनिटाला २० रुपये धरला आणि सेवेवरचा १८ टक्के जीएसटी मिळवला, तर २३ रुपये ६० पैसे झाले. तेथे चार्जरमधला तोटा चालकाच्या अंगावर सहसा येत नाही, म्हणून युनिटाला सात किलोमीटर धरू. तरी किलोमीटरला ३ रुपये ३७ पैसे. पेट्रोलपेक्षा अजूनही कमी. पण सीएनजीची गाडी किलोला २५ किलोमीटर देत असेल आणि किलोचा भाव ९० रुपये असेल, तर तिचा खर्च आहे ३ रुपये ६० पैसे. चार्जरवाल्याने युनिटामागे दीड-दोन रुपये वाढवले की सीएनजी स्वस्त ठरते. ज्याच्या घरी गाडी लावायला जागा नाही, जो तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्याच्या बचतीला दरवाढ खरोखर धक्का देते.

ब्रिटनमध्ये हे घडून गेले आहे. युक्रेन युद्धानंतर २०२२ च्या ऑक्टोबरात तेथील घरगुती विजेचा दर सरासरी ३४ पेन्सांवर गेला. वर्षाच्या आरंभी तो २१ पेन्सांच्या आसपास होता. घरी अंगण असलेल्यांनी रात्रीच्या स्वस्त दराच्या योजना घेऊन निभावले. रस्त्यावर चार्ज करणाऱ्यांना ती सोय नव्हती, आणि वर त्यांना विजेवर २० टक्के कर, घरी करणाऱ्यांना ५ टक्के.

कराचा मुद्दा आला म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या तुलनेतले १०५ रुपये म्हणजे केवळ पेट्रोलची किंमत नव्हे. त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क आहे आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. विजेच्या गाडीची बचत काही अंशी हा कर न भरण्याची बचत आहे. अशा गाड्या थोड्या आहेत तोवर सरकारला ते सोसते. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींकडून दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर रस्ता-आकार घ्यायला सुरुवात केली. ब्रिटनने एप्रिल २०२८ पासून मैलाला ३ पेन्स आकारण्याचे जाहीर केले आहे. असा आकार आपल्याकडे किलोमीटरला एक रुपया जरी बसला, तरी आपल्या अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकाचे महिन्याचे १,५४० रुपये जातील. वर पाहिलेली दहा टक्के दरवाढ साडेचार वेळा झाली, तर जेवढे गेले असते तेवढे.