पाटीच्या दगडाची सुरी

मिशेल पेव्हर यांच्या ‘क्रॉनिकल्स ऑफ एन्शंट डार्कनेस’ या मालिकेतली पहिली कादंबरी, ‘वुल्फ ब्रदर’, २००४ साली आली. २००९पर्यंत सहा भाग झाले आणि मोठ्या खंडानंतर २०२० ते २०२२ या काळात आणखी तीन. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले अरण्य, शेती ठाऊक नसलेली माणसे, अस्वलाने बाप मारलेला तोराक नावाचा मुलगा, त्याच्याबरोबर एक लांडग्याचे पिल्लू आणि डोमकावळ्याच्या कुळातली रेन. मुलांची पुस्तके म्हणून आपल्या साहित्यचर्चेत ती सहसा येत नाहीत. इथेही मी कादंबऱ्यांचे परीक्षण करणार नाही. मला बोलायचे आहे ते वाचकांनी या पुस्तकांपासून जे घडवले त्याबद्दल: चित्रे, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले नकाशे, मातीच्या सुऱ्या, लोकरीचे लांडगे, गळ्यातली ताईतवजा भूषणे. याला सरसकट ‘फॅन आर्ट’ म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. मी त्याला वाचन म्हणते. आणि वाचन म्हटले की ते बरे की वाईट, हेही बोलावे लागते.

पहिल्या पुस्तकात तोराक एक हरीण मारतो आणि मग कितीतरी वेळ त्या हरणाचाच असतो. कातडे, हाडे, आतडी, दोरा म्हणून स्नायूंचे तंतू, प्रत्येकाचा काही ना काही उपयोग. मारलेल्या जनावराचे काहीही वाया घालवायचे नाही, हा त्या अरण्यातल्या माणसांचा आणि सावजाचा करार आहे. दुसऱ्या एखाद्या साहसकथेत हा मजकूर कथानकाला खीळ घालणारा ठरला असता. इथे तोच कथेचा कणा आहे. पुस्तक वाचून मुलांचे हात शिवशिवतात ते यामुळे. लेखिका वस्तूचे वर्णन ती कशी दिसते यापेक्षा ती कशी बनते या अंगाने करते, आणि वाचक तिथूनच कामाला लागतो.

तुलनेसाठी राहुल सांकृत्यायनांचे ‘व्होल्गा ते गंगा’ आठवून पाहावे. त्यातली पहिली कथा, ‘निशा’, इ. स. पू. ६०००च्या काळातली. म्हणजे पेव्हरच्या अरण्यापेक्षाही जुनी. भारतातल्या अनेक भाषांत ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, त्यावर वाद झाले, माणसे बदलली. पण निशाची कोणी बाहुली केलेली माझ्या पाहण्यात नाही. राहुलजींना समाज कसा बदलत गेला हे सांगायचे होते. त्यांचा वाचक पुस्तक मिटून वाद घालायला उठतो, सुरी घासायला नाही. दोन्ही वाचने मला हवी आहेत.

सुरीबद्दल थोडे सविस्तर. तोराकला बापाकडून मिळालेली सुरी निळसर पाटीच्या दगडाची आहे, मूठ हरणाच्या शिंगाची. चाहत्यांनी सर्वांत जास्त वेळा केलेली वस्तू बहुधा हीच. बहुतेकांनी ती हवेत वाळणाऱ्या मातीत केली आहे, वर राखाडी रंग, मुठीला सुतळी. कित्येकांनी पात्याला टवके उडाल्यासारखे खळगे पाडले आहेत, कारण अश्मयुग म्हटले की डोळ्यांपुढे गारगोटीची छिलके काढलेली हत्यारे येतात. पाटीच्या दगडाला असे टवके नीट निघत नाहीत, तो थरांनी सुटतो. त्याला घासावे लागते. उत्तर स्कॅंडिनेव्हियात तशा घासून केलेल्या सुऱ्या आणि टोके खरोखरच सापडली आहेत. मी मोडक्या पाटीचा एक तुकडा वाळूच्या दगडावर पाणी टाकत घासून पाहिला. दोन संध्याकाळी गेल्या. धार म्हणावी तर कागद कापण्यापुरती आली, हात मात्र करड्या चिखलाने भरले. तेव्हा कळले की त्या सुरीवर तोराकचे इतके प्रेम का आहे: तीत कोणाच्या तरी कितीतरी संध्याकाळी आहेत. खळगे पाडणाऱ्या मुलाला चूक दाखवायची म्हणून मी हे सांगत नाही. पण ज्याने घासून पाहिले त्याचे वाचन अधिक खोल गेले, असे मी नक्की म्हणेन.

चित्रांत मुख्य भर चेहऱ्यांवर. मोठे करडे डोळे, वाऱ्यावर उडणारे काळे केस, रेनचे तांबडे केस. शैली बहुतेक जपानी मांगाची. मूळ पुस्तकांतली जेफ टेलर यांची काळीपांढरी चित्रे मुख्यतः प्राणी, झाडे आणि वस्तूंवर रेंगाळतात, आणि तेच मला या अरण्याच्या अधिक जवळचे वाटते. फिनलंडमध्ये अस्तुवानसाल्मी इथे तळ्याकाठच्या कड्यावर हजारो वर्षांपूर्वी गेरूने काढलेली चित्रे आहेत. त्यांत एल्क नावाचे थोराड हरीण डौलात उभे आहे, काहींच्या छातीत हृदयाचा ठिपकाही. माणूस मात्र चार रेघांचा. नॉर्वेत आल्टाच्या खडकांवर अस्वलांच्या पावलांच्या ओळी कोरल्या आहेत. त्या मुलखातल्या त्या काळच्या माणसांना स्वतःच्या चेहऱ्याचे फारसे कौतुक नसावे. आपल्याला आहे, म्हणून आपण तोराकला चेहरा देतो.

माझी खरी अडचण गोंदणाशी आहे. या कथेत प्रत्येक कुळाची खूण अंगावर गोंदलेली असते आणि आपल्या कुळाच्या प्राण्याची शिकार कोणी करत नाही. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागते. मराठीत ‘देवक’ म्हटले की अर्धे काम झाले. लग्नाआधी देवक बसवणाऱ्या घरांत ही कल्पना अजून नांदते आहे. पेव्हरनी स्वतः इनुइट, आयनू, सान अशा लोकांच्या चालीरीतींचा आधार घेतल्याचे नोंदवले आहे. म्हणजे ही केवळ गेलेल्या काळाची उसनवारी नाही, जित्या माणसांचीही आहे. चाहते गालावर पेन्सिलीने रेघा ओढून आपापले कूळ निवडतात, संध्याकाळी धुऊन टाकतात. खेळ म्हणून गोड आहे. पण माझ्या आजीच्या कपाळावरचे गोंदण तिने निवडले नव्हते आणि ते जातही नव्हते.

पुस्तकाला हे पक्के ठाऊक आहे. तोराकच्या छातीवर शत्रू जबरदस्तीने आपली खूण गोंदतात, तिच्यापायी कुळे त्याला बाहेर टाकतात, आणि ‘आउटकास्ट’मध्ये तो ती स्वतःच्या हाताने कापून काढतो. मालिकेतला सर्वांत कठीण प्रसंग हा. तरी मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत ती खूण एखाद्या राजमुद्रेसारखी रेखीव, छातीवर मिरवणारी. एका शाळकरी हाताने काढलेल्या चित्रात मात्र खूण दिसतच नाही. फडके बांधलेले, त्यावर तपकिरी डाग, आणि मुलगा आपल्याकडे बघत नाही. रेखाटन कच्चे आहे, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. तरी त्या एका चित्रासाठी मी डझनभर सफाईदार तोराक सोडून देईन.

राहिला लांडगा. पेव्हर काही प्रकरणे त्याच्या बाजूने सांगते: त्याच्या लेखी तोराक हा बिनशेपटीचा उंच लांडगा, नदी म्हणजे वेगाने धावणारे ओले, आणि सगळे जग आधी वास, मग आवाज, शेवटी रूप. चित्रकार इथे हरतो, कारण तो लांडग्याकडे बघतो, लांडग्यातून नाही. सुईने लोकर टोचून टोचून लांडगे घडवणारे त्यामानाने जवळ पोहोचतात. निदान हाताला काही कळते. त्यांतही काचेचे पिवळे डोळे लावले की माझे लक्ष तिथेच अडकते. एकीने लांडगा केलाच नव्हता. तिने एका डबीत शेवाळ, भूर्जाच्या सालीचा तुकडा, थोडी राख आणि न धुतलेली मेंढीची लोकर ठेवली होती. झाकण उघडून ती डबी आधी नाकाशी धरायची, मग बघायची.