शिळेवरचे क्रियापद

समीक्षा ही ग्रंथांचीच करावयाची असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु एखादा मजकूर गावाच्या वेशीवर, चावडीपाशी वा शाळेच्या आवारात शंभर वर्षे उभा असेल आणि लोक त्यापुढे फुले वाहत असतील, तर तोही वाचला पाहिजे. आपल्या सातारा जिल्ह्यात असा मजकूर पुष्कळ आहे. पुण्याहून येताना शिरवळ आणि खंडाळा मागे पडले (मुंबईच्या वाटेवरचे थंड हवेचे खंडाळे नव्हे, हे आपले तालुक्याचे खंडाळा), खंबाटकीचा घाट चढून उतरला, की सैनिकांचा मुलूख सुरू झाला असे म्हणण्याची रीत आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्दच लावते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्मारक उभारले.

त्या काळी सरकारने हिंदुस्थानभर गावोगावी ज्या शिळा बसविल्या, त्यांवरील मजकूर जवळजवळ एकाच साच्याचा असे. त्याचा आशय असा, की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, दोन वाक्ये आणि दोन आकडे. मजकूर गंभीर आहे, त्यात फुशारकी नाही, आणि म्हणूनच तो मनाला भिडतो. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने तो वाचून पाहावा. ‘गेले’ आणि ‘प्राण दिले’ ही दोन क्रियापदे आहेत आणि दोहोंचा कर्ता गावचा माणूसच आहे. तो आपण होऊन गेला, आपण होऊन त्याने प्राण दिले. त्याला पाठवले कोणी, कोठे आणि कशासाठी, हे सांगणारे क्रियापद त्या शिळेवर नाही. कर्ता गाळून वाक्य लिहिण्याची कला सरकारी लेखनात पुष्कळ आढळते. येथे ती दगडात कोरली आहे.

समीक्षकाचे काम गाळलेली जागा दाखविण्याचे असते. तेव्हा ती जागा इतिहासाच्या आधारे भरून पाहू.

विसावे शतक उजाडले तेव्हा जगाची वाटणी बहुतेक झालेली होती. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे युरोपच्या सत्ता एकत्र बसल्या आणि आफ्रिका खंड बळकावण्याचे नियम त्यांनी आपसांत ठरविले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. पुढे मोरोक्कोच्या प्रश्नावरून फ्रान्स व जर्मनी १९०५ मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये युद्धाच्या काठावर आले. इंग्लंड व जर्मनी यांच्यात आरमारी जहाजे बांधण्याची चढाओढ लागली. उशिरा आलेल्या जर्मनीला आपला वाटा हवा होता आणि आधी आलेल्या इंग्लंड-फ्रान्सना आपला वाटा सोडावयाचा नव्हता. नवी भूमी उरली नाही म्हणजे एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटाच होतो. अशा वेळी परस्परांना बांधून घेतलेले करारमदार असे काम करतात, की एका टोकाला ठिणगी पडली तरी सगळी गंजी पेटावी. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ही ठिणगी. गंजी रचणारे हात निराळे होते.

पण या सगळ्याचा साताऱ्याच्या माणदेशी वा कृष्णाकाठच्या शेतकऱ्याशी संबंध काय? तो संबंध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सापडतो. बर्लिनपासून बगदादपर्यंत आणि तेथून इराणच्या आखाताकडे लोहमार्ग नेण्याची सवलत जर्मन भांडवलदारांनी १९०३ मध्ये तुर्की सरकारकडून मिळविली होती. हिंदुस्थानच्या वाटेवर जर्मनी येऊन बसणार, या विचाराने इंग्रजांची झोप उडाली. दुसरीकडे इंग्रज आरमार कोळशाऐवजी तेलावर चालू लागले होते. हे तेल इराणातून, आबादानच्या कारखान्यातून यावयाचे होते आणि त्या कंपनीतील बहुसंख्य भाग १९१४ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने खरेदी केले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्य फाओच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्याच महिन्यात बसरा पडले. त्या सैन्याचा कणा होती सहावी, म्हणजेच पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. हिंदी शिपायाचा पगार त्या वेळी दरमहा ११ रुपये होता. शिळेवरच्या ‘गेले’ या क्रियापदामागे लोहमार्ग आहे, तेल आहे आणि कोरडवाहू जमिनीच्या घरातले ते ११ रुपयेही आहेत.

पुढची कथा कुत-अल-अमारा या गावी घडली. जनरल टाउनशेंड यांची फौज तेथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांना ते मांस धर्मामुळे वर्ज्य होते. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. वाळवंटातून चालत नेताना आणि बंदिवासात त्यांतील हजारो मेली. सेनापतींचा बंदिवास मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने गेला. ‘प्राण दिले’ हे शब्द किती उदात्त वाटतात! कुतच्या वाटेवर पाण्यावाचून पडलेल्या माणसाने प्राण दिले नाहीत. ते त्याच्यापासून काढून घेतले गेले.

या माणसांसाठी बसऱ्याच्या नावाचेही एक स्मारक आहे. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये उभारले गेले. त्यावर ब्रिटिश अधिकारी व शिपाई यांची नावे कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. परंतु साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या दिली आहे, पलटणीपुढे आकडा. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने हा भेदभाव २०२१ च्या अहवालात स्वीकारला आणि क्षमा मागितली, याची नोंद घेतली पाहिजे. गावच्या शिळेवर आकडा आणि बसऱ्याच्या शिळेवरही आकडाच. ज्याला आपण सुवार्तेच्या शिकवणीनुसार नावाने हाक मारून बोलावलेला माणूस मानतो, तो साम्राज्याच्या वहीत संख्या झाला.

दगडाने जे गाळले, ते साहित्याने भरून काढावे अशी आपली अपेक्षा असते. मुल्कराज आनंद यांनी ‘अॅक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या इंग्रजी कादंबरीत पंजाबच्या लालूला फ्रान्सच्या खंदकात नेले. घराण्याची गेलेली जमीन परत मिळेल या आशेने तो लढतो. म्हणजे ‘गेला’ या शब्दाचे कारण त्या कादंबरीत आहे. कुतच्या मराठा शिपायाला मात्र मराठी कादंबरीने असे स्थान दिलेले नाही. आपल्या कादंबरीला शिवकालातील मावळा प्रिय आहे. दजलेच्या काठी उपाशी बसलेला त्याचा वंशज तिला फारसा दिसला नाही. गनिमाशी स्वराज्यासाठी लढणारा वीर रंगविणे सोपे असते. परक्या राजासाठी तिसऱ्याच देशात मेलेल्या शूर माणसाचे काय करावे, हे आपल्या वीरकाव्याच्या परंपरेला उमगले नाही.

महायुद्धाचे खरे भान ज्या मराठी कादंबरीत आहे, ती म्हणजे विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९). गंमत अशी की या रणांगणावर एकही लढाई होत नाही. दुसरे महायुद्ध तोंडावर आले असता युरोपहून पूर्वेकडे निघालेली एक बोट, तीवर चक्रधर विध्वंस हा हिंदी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. दोघांचे प्रेम जमते, मुंबई येते, ताटातूट होते आणि अखेर हॅर्टा आपले जीवन संपविते. बेडेकरांचे मोठेपण यात, की राष्ट्राराष्ट्रांतील वैर त्यांनी सभेतील भाषणांतून दाखविले नाही; ते बोटीवरच्या माणसांच्या नजरेत, संशयात आणि एकटेपणात दाखविले. युद्ध जाहीर होण्याच्या कितीतरी आधी ते माणसांच्या मनात सुरू झालेले असते, हे त्यांच्याइतके नेमके मराठीत कोणी सांगितलेले नाही.

या कादंबरीमागच्या जगाकडे पाहिले म्हणजे साम्राज्यांची स्पर्धा किती खोलवर पोहोचली होती हे कळते. अशा बोटींवरील कित्येक ज्यू निर्वासित शांघायच्या वाटेवर असत. साऱ्या जगाने दारे लावून घेतली असता शांघाय का उघडे होते? कारण त्या बंदरावर कोणा एकाची सत्ताच नव्हती. परकीय सत्तांनी तेथे आपापल्या वसाहती काढल्या होत्या आणि १९३७ पासून जपानी फौजा भोवती होत्या. प्रवेशपत्र कोणी मागावे हेच ठरलेले नव्हते. साम्राज्यांनी चीनचा जो लचका तोडला, त्याच्या फटीत या निर्वासितांना आसरा मिळत होता. आणि ज्या सुएझच्या वाटेने बोटी पूर्वेकडे येत, त्याच वाटेने १९३५ मध्ये मुसोलिनीचे सैन्य अबिसीनिया गिळावयास गेले होते.

तरीही ‘रणांगण’ची एक मर्यादा सांगितली पाहिजे. चक्रधर हा परत येणारा, शिकलेला, भाडे भरून प्रवास करणारा हिंदी माणूस आहे. उलट दिशेने जाणारी सैनिकांची बोट कादंबरीच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले आणि साताऱ्याची मुले पुन्हा बोटीत चढली. चक्रधरची वेदना आपल्याला लेखकामुळे कळली. त्या मुलांना लेखक भेटला नाही. त्यांना शिळा भेटली.

कोणी विचारील, की असे प्रश्न काढणे हा हुतात्म्यांचा अवमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. शिपायाचे शौर्य आणि त्याला पाठविणाऱ्याचा हेतू या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. शिळेने त्या एक केल्या, आपण त्या वेगळ्या करावयाच्या. लोकमान्य टिळकांनीही सैन्यभरतीला सरसकट नकार दिला नव्हता. परंतु जून १९१८ च्या मुंबईच्या युद्ध परिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले आणि ते सभा सोडून गेले. माणसे द्या, प्रश्न विचारू नका, असा तो व्यवहार होता.

आपणा ख्रिस्ती वाचकांना हा विषय आणखी जवळचा आहे. १९१४ मध्ये एकमेकांवर तोफा डागणारी बहुतेक राष्ट्रे स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होती आणि दोन्ही बाजूंच्या मंदिरांतून विजयासाठी प्रार्थना होत होत्या. १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले, शस्त्रकपात व लवाद यांची योजना मांडली, जिंकलेला मुलूख परत करण्यास सांगितले. दोन्ही बाजूंनी तिकडे पाठ फिरविली. मुलूख परत करणे हेच तर कोणाला नको होते. युद्धे आणि भांडणे कोठून येतात, असा प्रश्न संत याकोबाने आपल्या पत्रात विचारला आहे आणि हव्यास हे त्याचे उत्तर दिले आहे. त्याला बगदादचा लोहमार्ग ठाऊक नव्हता, पण निदान अचूक होते.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. त्या वेळी आपल्या परिसरातील अशा शिळांचीही आठवण करावी, मग ती माणसे कोणत्याही धर्माची असोत. घरातील वडीलधाऱ्यांना, शेजाऱ्यांना, जुन्या सैनिकांच्या कुटुंबांना विचारून आकड्यांमागची नावे जमतील तेवढी लिहून काढावीत. पेन्शनचा जुना कागद, पदकाच्या कडेवर कोरलेले नाव, एवढ्यावरूनही सुरुवात होऊ शकते. आणि शाळकरी मुलाला शिळेपुढे उभे करून आपण त्यावरील ओळी वाचून दाखवू, तेव्हा ‘गेले’ या शब्दाशी थोडे थांबावे. मुलगा ‘कोणी पाठवले?’ असे विचारील. त्याला उत्तर देता येईल इतके आपण वाचलेले असावे.